जोडी आणायची नसते, जमवायची असते

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय सुन्या,

मुंबईहून कोरल ब्यूटी या खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांची 'जोडी' आणायची म्हणतोस, तर पैसे देण्याआधी हे वाच. दुकानात शेजारीशेजारी पोहणारे दोन मासे म्हणजे जोडी नव्हे. सेंट्रोपायगी गटातले हे छोटे एंजलफिश आधी मादीच असतात. त्यांच्यातला जो वरचढ ठरतो, त्याचा पुढे नर होतो. म्हणून एक मोठा घे आणि दुसरा मिळेल तेवढा लहान. लहान्याला आधी सोड, दगडांतल्या कपारी त्याच्या ओळखीच्या होऊ दे, मग मोठ्याला सोड. सुरुवातीला मध्ये जाळी लाव. दोन्ही नर निघाले तर एकाचा जीव जातो, हे लक्षात ठेव.

पाण्याचं तुला माहीतच आहे: आरओचं पाणी, सागरी मीठ, घनता १.०२५, तापमान २५-२६ अंश. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तुमच्या जळगावात तर विचारूच नको. पाणी थंड ठेवणारा चिलर आणि इन्व्हर्टर नसेल तर मासे आणूच नकोस.

खरं सांगायचंय ते संध्याकाळचं. दिवे एकदम बंद करायचे नाहीत, हळूहळू मंद करायचे. मग नर पंख ताठ करून मादीभोवती घिरट्या घालतो. ती कपारीतून बाहेर येते, पुन्हा आत जाते, असं बराच वेळ चालतं. मग दोघं तिरके वर चढतात. नर तोंडानं तिच्या पोटाला हलकेच ढुशी देतो, एक झटका बसतो आणि दोघं सुसाट खाली! अंडी एक मिलिमीटरचीही नसतात, काचेसारखी पारदर्शक, आणि वर तरंगतात. या चढण्यासाठी पाण्याला उंची हवी. लांबीसाठी उंची कापू नकोस, माझं ठाम मत आहे.

अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. पिल्लाला तेव्हा ना तोंड, ना कामाचे डोळे. बलकावर ते दोन-तीन दिवस काढतं. खरी परीक्षा त्यानंतर. तोंड उघडतं, पण इतकं बारीक की रोटिफर, म्हणजे पिल्लांना नेहमी देतात ते सूक्ष्म जलजीवही, त्यात मावत नाहीत. कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जिवांची नुकती जन्मलेली पिल्लं हवीत, त्यांना जिवंत शेवाळ हवं, म्हणजे माशांआधी दोन शेती उभ्या करायच्या. हवाईत सागरी माशांची पैदास करणाऱ्या फ्रँक बेन्श यांनी याच गटातल्या फ्लेम एंजलची पिल्लं वाढवून दाखवली, ती अशाच बारीक खाद्याच्या जोरावर. मला हा मार्ग पटतो, कारण टाकीतल्या पिल्लामुळे प्रवाळातून पकडून आणलेला एक मासा वाचतो.

शेवाळाच्या बाटल्या मी खिडकीत लावल्यात, पाणी हिरवं धरू लागलंय. दिवाळीत ये, पण संध्याकाळी सातच्या आत पोच. वहिनींनाही आण. येताना ५० मायक्रॉनची जाळी मिळाली तर घेऊन ये, इथे मिळत नाहीये.

तुझाच,
विन्या