टायमर रिलेवर वेळ लावण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घर आणि कार्यालय यांच्या सुरक्षेविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते, पण त्यातले बहुतेक लेखन कॅमेरे, मोबाइलवर येणाऱ्या सूचना आणि कुलपांचे नवनवे प्रकार यांच्याभोवतीच फिरते. या साऱ्याच्या मधोमध, भिंतीवरच्या एखाद्या बंद पेटीत, काडेपेटीहून थोडा मोठा असा एक सर्किट बोर्ड बसवलेला असतो. दार किती सेकंद उघडे राहायचे, सायरन किती मिनिटे वाजायचा, आवारातला दिवा कधी विझायचा, हे तो बोर्ड ठरवतो. त्याला प्रोग्रॅमेबल टायमर रिले मॉड्यूल म्हणतात. सुरक्षा यंत्रणांच्या जोडणीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या बोर्डावर वेळ लावणे हे दोन मिनिटांचे किरकोळ काम समजले जाते, याची मला मनापासून काळजी वाटते आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. त्याच्या कॉइलमधून प्रवाह गेला की तिचे चुंबक बनते आणि आतली पट्टी एका कॉन्टॅक्टवरून दुसऱ्यावर जाते. मधल्या टोकाला कॉमन म्हणतात. रिले स्वस्थ असताना जे टोक कॉमनला जोडलेले असते ते एनसी आणि रिले ओढला गेल्यावर जे जोडले जाते ते एनओ. चोरघंटीचे विद्युतचुंबकीय रूपही काही आजचे नाही. अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी तिचे पेटंट १८५३ साली घेतले होते. नवे आहे ते वेळ मोजण्याचे तंत्र. १९७२ साली बाजारात आलेल्या ५५५ या चिपवर आधारलेले टायमर कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरायला लागणाऱ्या वेळावरून सेकंद मोजत, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या छापील क्षमतेतच वीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होत असल्याने, शिवाय तो जुना झाला की गळत असल्याने, दहा मिनिटांची वेळ लावली तरी ती दहाच मिनिटे भरेल याची खात्री नसे. आताच्या बोर्डांवर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅमप्रमाणे चालणारी चिप, असतो आणि तो ठोके मोजून वेळ काढतो, त्यामुळे ती अडचण जवळपास संपली आहे. आता जी चूक होते ती मोजण्यात होत नाही. काय मोजायचे आणि कशासाठी, हे ठरवण्यात होते.

यातली पहिली निवड कार्यपद्धतीची असते आणि तिथेच सर्वाधिक घोळ होतो. ट्रिगर, म्हणजे बटण किंवा सेन्सरकडून येणारा संकेत, आल्यावर ठरलेला वेळ वाट पाहून मग रिले ओढणे ही ऑन-डिले पद्धत. दार तीस सेकंदांपेक्षा जास्त उघडे राहिले तर बझर वाजावा, अशी गरज असेल तर हीच योग्य ठरते, कारण दार त्याआधी लागले तर मोजणी आपोआप रद्द होते. ऑफ-डिलेमध्ये रिले लगेच ओढला जातो आणि ट्रिगर गेल्यानंतर मोजणी सुरू होते. वन-शॉटमध्ये ट्रिगर आल्या क्षणापासून ठरलेला वेळ मोजला जातो, मग ट्रिगर राहो वा जावो. शेवटच्या दोन पद्धती टेबलावर तपासताना अगदी सारख्या दिसतात: बटण दाबून सोडले की दोन्हींत रिले दहा सेकंद ओढलेला राहतो. फरक कळतो तो बटण अडकल्यावर. दाराच्या आतले बटण दाबलेल्या स्थितीत अडकले, तर ऑफ-डिलेवर लावलेले दार रात्रभर उघडे राहील आणि वन-शॉटवर लावलेले दार दहा सेकंदांनी बंद होईल. सुरक्षेच्या दृष्टीने दुसरे बरे वाटते, पण आतून बाहेर पडण्याचा तोच एक मार्ग असेल तर अडकलेल्या बटणामुळे पुन्हा ट्रिगर देता येत नाही आणि माणूस आत राहतो. म्हणून दार कोणते, आत कोण असते आणि त्यांना दुसरी वाट आहे का, हे विचारल्याशिवाय पद्धत निवडता कामा नये.

याला जोडूनच पुन्हा ट्रिगर आल्यावर मोजणी नव्याने सुरू व्हावी की नाही, हा प्रश्न येतो. जिन्यातल्या दिव्यासाठी ती नव्याने सुरू व्हायलाच हवी, नाहीतर माणूस पायऱ्यांवर असतानाच अंधार होईल. बाहेरच्या सायरनसाठी मात्र तीच सोय त्रासाची ठरते. वाऱ्याने हलणाऱ्या फांदीसमोर सेन्सर असेल तर दर वेळी मोजणी शून्यावर येते आणि सायरन थांबतच नाही. मग शेजारी त्या आवाजाकडे लक्ष देणे सोडून देतात आणि खरा प्रसंग आला तेव्हा कुणीही खिडकी उघडून पाहत नाही.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वेळ किती, हे विचारण्याआधी वीज गेल्यावर, वायर तुटल्यावर किंवा बोर्डच बंद पडल्यावर काय घडले पाहिजे, हे ठरले पाहिजे. मॅग्नेटिक लॉकला वीज मिळते तोवर दार बंद राहते. वीज तुटली की ते उघडते. स्ट्राइक प्रकारची बरीच कुलपे याच्या उलट असतात, त्यांना वीज दिली की दार उघडते. एकाच टायमरची जोडणी या दोन कुलपांसाठी वेगवेगळी करावी लागते आणि ती चुकली तर दार कायम उघडे तरी राहते किंवा कायम बंद तरी.

माझ्या सुरुवातीच्या काळातला एक प्रसंग सांगतो. एका संस्थेच्या दप्तरखान्याच्या दाराला मी मॅग्नेटिक लॉक बसवले होते. त्याचा सप्लाय टायमरच्या एनसी कॉन्टॅक्टमधून नेला होता आणि आतले एक्झिट बटण टायमरच्या ट्रिगरला जोडले होते. बटण दाबले की रिले ओढला जाई, सप्लाय तुटे आणि दार दहा सेकंद मोकळे होई. ही जोडणी दोन वर्षे बिनतक्रार चालली. एके दिवशी बोर्डाच्या ट्रिगरची वायर टर्मिनलमध्ये सैल झाली. आतल्या कर्मचारी बाई बटण दाबत राहिल्या, पण बोर्डापर्यंत काहीच पोचले नाही आणि लॉकला एनसीमधून वीज मिळतच राहिली. बाहेरच्यांनी मेन स्विच बंद केला, तरी दार उघडले नाही, कारण लॉक बॅटरीवर चालू राहिले. शेवटी पेटी उघडून बॅटरीची वायर काढावी लागली. बाईंना इजा झाली नाही, पण त्या वीस मिनिटांत आत धूर झाला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. बोर्डावर लावलेल्या वेळेत काहीच चूक नव्हती. चूक माझ्या जोडणीची होती, कारण दार उघडण्याचे संपूर्ण काम मी त्या बोर्डावर सोपवले होते.

यावरचा उपाय साधा आहे. एक्झिट बटण दोन स्वतंत्र कॉन्टॅक्टचे घ्यावे. एका कॉन्टॅक्टने लॉकचा सप्लाय थेट तोडावा आणि दुसऱ्याने टायमरला ट्रिगर द्यावा. मग बोर्ड मेला तरी बटण दाबून धरल्यावर दार उघडतेच. एनएफपीए १०१ या अमेरिकी संहितेत अशा दारांबाबत हेच तत्त्व घातलेले आहे: बटणाने लॉकचा वीजपुरवठा इतर इलेक्ट्रॉनिक्सवर अवलंबून न राहता थेट तोडला पाहिजे आणि दार किमान ३० सेकंद मोकळे राहिले पाहिजे. ते ३० सेकंद मोजण्याचे काम टायमरचे. दार उघडण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकलेली नाही. आगीच्या अलार्मचा कॉन्टॅक्टही याच प्रकारे लॉकच्या सप्लायमध्येच बसवावा, टायमरच्या ट्रिगरवर नव्हे.

अलार्म पॅनेलला जाणाऱ्या संकेताबाबतही हाच विचार लागू होतो. रिले एरवी स्वस्थ ठेवून एनओ कॉन्टॅक्ट वापरला आणि कुणी वायर कापली, तर पॅनेलला काहीच कळत नाही. त्याऐवजी नेहमीच्या स्थितीत रिले ओढलेला ठेवून, त्यातून अखंड जोडलेले राहणारे मंडल पॅनेलला दिले, तर वायर कापली, सप्लाय गेला किंवा बोर्ड जळला, तरी पॅनेलला तो बिघाड म्हणून दिसतो. याची किंमत बॅटरीतून मोजावी लागते. १२ व्होल्टच्या नेहमीच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची असते, म्हणजे ती सुमारे ३० मिलिअँपिअर घेते. चोवीस तासांत हा खर्च ०.७२ अँपिअर-तास होतो, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा सुमारे दहावा भाग. बॅटरी निवडताना हा हिशेब धरला तर ही किंमत देण्यासारखी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वायरच्या जाडीकडे होणारे दुर्लक्ष हे आणखी एक दुखणे. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध दर मीटरला सुमारे १७.५ मिलिओहम असतो. बोर्ड आणि सायरन सप्लायपासून ५० मीटरवर असतील तर जाऊन-येऊन १०० मीटर वायर होते आणि १ अँपिअरच्या सायरनला पावणेदोन व्होल्ट वाटेतच गमवावे लागतात. वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची असेल तर साडेतीन. बॅटरी आधीच ११ व्होल्टवर उतरलेली असेल तर बोर्डापर्यंत साडेसात व्होल्टच पोचतात, आणि १२ व्होल्टच्या रिलेला ओढले जाण्यासाठी साधारणतः ९ व्होल्ट लागतात. मग विचित्र प्रकार सुरू होतो: सायरन वाजू लागला की व्होल्टेज कोसळते, मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो, रिले सुटतो, सायरन थांबल्याने व्होल्टेज पुन्हा चढते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. बोर्ड खराब आहे असे समजून तो बदलला जातो आणि नवा बोर्डही तेच करतो. बोर्डाचा सप्लाय आणि लोडचा सप्लाय वेगवेगळ्या जोडवायरींनी, आपापल्या फ्यूजमधून, मूळ सप्लायपासूनच न्यावा, म्हणजे हा प्रश्न उद्भवत नाही.

कुलपाच्या कॉइलचा प्रवाह तोडताना तिच्यात उलट दिशेचा मोठा दाब निर्माण होतो. त्याने कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते आणि कधी कधी मायक्रोकंट्रोलरही गोंधळतो. डीसीवर चालणाऱ्या स्ट्राइकला १एन४००७ सारखा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), पट्टीची बाजू धन टोकाकडे ठेवून, कुलपाजवळच लावला की हे थांबते. मॅग्नेटिक लॉकला मात्र डायोड लावू नये. त्यातून प्रवाह फिरत राहतो आणि दार उशिरा सुटते. तिथे एमओव्ही, म्हणजे वाढलेला दाब शोषून घेणारा भाग, वापरतात आणि अनेक लॉकमध्ये तो आधीच बसवलेला असतो. रिलेवर छापलेला १० अँपिअरचा आकडाही हीटरसारख्या रोधक लोडसाठी असतो. कॉइल आणि दिवे यांच्यासाठी तो बराच कमी धरावा लागतो.

सेटिंगच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. अनेक बोर्ड डिप स्विच (बोर्डावरचे चिमुकले स्विच) आणि जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) यांची स्थिती सप्लाय सुरू होतानाच वाचतात. चालू बोर्डावर सेकंदांचा जंपर मिनिटांवर सरकवला तर लगेच काहीच बदलत नाही, बसवणारा माणूस जुन्याच वेळेवर चाचणी घेतो, समाधानाने निघून जातो, आणि पुढे कधीतरी सप्लाय पूर्ण तुटून परत आला की १० सेकंदांसाठी उघडणारे दार १० मिनिटे उघडे राहू लागते. म्हणून सेटिंग बदलले की मेन आणि बॅटरी दोन्ही काढून पुन्हा जोडावे आणि मगच घड्याळ लावून वेळ मोजावी. त्याच वेळी सप्लाय परत येताच रिले क्षणभर ओढला जातो का, हेही पाहावे. जो बोर्ड तसे करतो तो दर वीजखंडानंतर दार उघडून देईल. चोवीस तास वापरात असलेल्या ठिकाणी ही चाचणी घेणे अवघड असते हे मला ठाऊक आहे. तरीही ती टाळू नये.

हे काम करणाऱ्या सर्व बंधुभगिनींना माझी विनंती आहे की त्यांनी पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर निवडलेली कार्यपद्धत, लावलेली वेळ, प्रत्येक डिप स्विचची स्थिती, ट्रिगर कोठून येतो, एनओ वापरला की एनसी, आणि वीज गेल्यावर दार उघडे राहणे अपेक्षित आहे की बंद, एवढे लिहावे. पासवर्ड किंवा अलार्मचा कोड त्यावर लिहू नये. काम करून घेणाऱ्यांनीही पैसे चुकते करण्याआधी हा कागद मागून घ्यावा, आपल्यासमोर मेन आणि बॅटरी दोन्ही काढायला लावावे, आणि तशा अवस्थेत एक माणूस आत ठेवून ते दार त्याच्याकडून उघडून घ्यावे.

आपला विश्वासू,
सुरक्षा यंत्रणांच्या जोडणीचे काम करणारा एक वाचक