सूचना : व्हिडिओचोरीबाबत रविवारची बैठक

सर्व सदस्यांना नमस्कार,

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे धावत शूटिंग करायचं आपण, आणि दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ नाव कापून भलत्याच पेजवर! यंदा संक्रांतीआधीच तयारी करू. येत्या रविवारी सकाळी १० वाजता पार्क चौकात, नेहमीच्या जागी जमायचं आहे. मोबाइल चार्ज करून आणा.

तोवर एवढं करा :

• मूळ, न कापलेल्या फाइल डिलीट करू नका. व्हिडिओ आपलाच, हे दाखवायला त्याच कामी येतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणीची सक्ती नाही, पण वाद झाला तर पुरावा लागतोच.

• वॉटरमार्क (व्हिडिओवर उमटवलेलं आपलं नाव) कोपऱ्यात नको, तो सहज क्रॉप होतो. मध्याजवळ, फिकट ठेवा.

• चोरी दिसली की आधी लिंक आणि स्क्रीनशॉट जपा. कमेंटमध्ये भांडत बसू नका, समोरचा ब्लॉक करून मोकळा होतो. यूट्यूबवर व्हिडिओ हटवण्याची विनंती मूळ मालकानेच किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने करायची असते. समोरच्याने प्रतिदावा केला (व्हिडिओ चुकून हटवला, असं यूट्यूबला कळवलं), तर कोर्टात गेल्याचा पुरावा यूट्यूबला द्यायला आपल्याला कामकाजाचे १० दिवस मिळतात. ते हातचे घालवू नका.

• रागाच्या भरात खोटा दावा नको, आपलंच खातं अडचणीत येईल.

आणि हो, मिरवणुकीतल्या डीजेचं गाणं आपलं नव्हे. ते व्हिडिओत राहिलं तर आपल्यावरही कॉपीराइट स्ट्राइक (तक्रारीवरून व्हिडिओ हटवला की यूट्यूब देतं तो इशारा) येऊ शकतो. ९० दिवसांत असे ३ स्ट्राइक आले तर चॅनल बंद होऊ शकतं.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका, चहा-भज्यांचा अंदाज येईल.