कूलर निवडून देणाऱ्या दादांना जाहीर थँक्यू

दादा, नुसतं थँक्यू पाठवून गप्प बसणार होतो पण म्हटलं सगळ्यांसमोरच लिहू, कारण सीपीयू कूलर (कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवणारा भाग) घेताना तुम्ही जे बघायला शिकवलंत ते कुठल्याच बॉक्सवर छापलेलं नसतं.

मी तर आख्ख्या तांब्याचा तो लालसर चकचकीत पीस बघून फिदाच होतो. तुम्ही शांतपणे म्हणालात, तांबं भारीच रे, ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता दीडपटीहून जास्त वाहून नेतं, पण वजन तिप्पट, ते मदरबोर्डलाच लटकणार ना? आणि उदाहरण दिलंत ते झालमन कंपनीच्या जुन्या सीएनपीएस ७००० ए कूलरचं, डिझाइन तेच पण पूर्ण तांब्याचा ७७३ ग्रॅम आणि तांबं-ॲल्युमिनियम मिक्सवाला ४४५, तेव्हा पेंटियम ४ प्रोसेसरसाठी इंटेलची कूलरच्या वजनाची लिमिट होती ४५० ग्रॅम, म्हणजे मिक्सवाला अगदी काठावर पास. मग कळलं की बेस (प्रोसेसरला टेकणारा तळ) आणि हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) तांब्याचे आणि फिन्स (हवेत उष्णता सोडणारी पातळ पाती) ॲल्युमिनियमच्या असं का करतात, मला आधी ती निव्वळ कंजुषी वाटायची.

पण खरी मजा आली ती बेस चेक करताना. स्टीलची पट्टी काठावर उभी धरायला लावलीत, मागून मोबाइलचा टॉर्च, आणि पट्टीखालून उजेडाची रेघ कुठे दिसते ते बघ म्हणालात. एका पीसच्या बेसमध्ये माझा चेहरा आरशासारखा दिसत होता तरी मधोमध उजेड येत होता! दुसऱ्यावर मशीनिंगच्या बारीक रेघा होत्या पण पट्टी कशी घट्ट बसली. पॉलिश वेगळं, सपाटपणा वेगळा. फट राहिली की ती थर्मल पेस्टने (बेस आणि प्रोसेसरच्या मधे लावायच्या लेपाने) भरायची, आणि चांगली पेस्टसुद्धा तांब्यापुढे कितीतरी पट कमी उष्णता नेते, त्यामुळे थर जितका पातळ तितकं बरं.

फिन्सचंही तसंच. पाइप जिथे फिनमधून जातो तिथे सोल्डर भरलंय का नुसतं दाबून बसवलंय ते बघायला सांगितलंत. दाबून बसवलेलं वाईटच असतं असं नाही, पण फिन बोटाने हलकेच सरकवली आणि ती पाइपवर हलली तर तिथे उष्णता अडकणार हे उघड आहे. आणि पाइप भरीव नसतो, आत थोडंसं पाणी असतं, दाब कमी ठेवलेला म्हणून ते शंभर डिग्रीच्या बरंच आधी उकळतं, वाफ थंड टोकाला जाते आणि पाणी होऊन आतल्या अस्तरातून परत येतं, हे ऐकून तर मी चाटच पडलो. म्हणूनच तो वाकवायचा नाही.

स्क्रू आलटून पालटून तिरके आवळायचे हे पण तुमच्यामुळेच, एका बाजूने आवळत गेलं की बेस कलतो. आणि बोटांचे ठसे काळे पडल्यावर मी घाबरून फोटो पाठवला तेव्हा हसलात ते आठवतंय, निकेलचा मुलामा नसला की तांबं काळवंडणारच, कूलिंगला काही होत नाही.

फुल लोडवरसुद्धा फॅन आता ओरडत नाही. भाऊ पण नवीन पीसी बिल्ड करतोय, त्याला थेट तुमच्याकडेच पाठवतोय, तो माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो हे आधीच सांगून ठेवतो. मनापासून थँक्यू दादा.