फोटो मागू नकोस, आवाज माग

ता. अकोले, 11 जुलै

प्रिय दत्ता,

केंद्रप्रमुख झालास आणि मला कळलं ते दुसऱ्याच्या स्टेटसवरून! डी.एड.च्या खोलीत माझ्या ताटातली भाकरी उचलणारा माणूस आता दहा शाळा तपासणार. पेढे उधार राहिले, लक्षात ठेव.

पत्र बघून हसशील. गेले चार दिवस पावसानं टॉवर बंद पडलाय. म्हसोबाच्या टेकाडावर चढलं तर रेंजची एखादी कांडी येते, पण छत्री धरायची की फोन? म्हणून कागद काढला. उद्या दुधाच्या गाडीबरोबर अकोल्याला जाईल, तिथून पोस्टात.

मागच्या फोनवर तू म्हणालास, केंद्राचा एक ग्रुप काढतो आणि रोज प्रत्येक शाळेकडून उपक्रमाचा फोटो मागवतो. तेवढ्यात रेंज गेली, म्हणून माझं बोलणं राहिलं. आता सांगतो. लेका, ते करू नकोस.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मीही फार उत्साहात होतो. अपूर्णांकांवर चौदा मिनिटांचा व्हिडिओ केला. घरातल्या दारावर फळा टांगला, हिनं स्टुलावर उभं राहून फोन धरला, मी इस्त्रीचा शर्ट घातला. भाकरीचे चार तुकडे करून दाखवले. ग्रुपवर टाकला आणि बघत बसलो. पट 54, स्मार्टफोन 17 घरांत. आठवड्यानं एका पोराला वाटेत गाठून विचारलं, पाहिलास का रे? म्हणाला, "सर, ते नुसतं गोल गोल फिरतंय." मी फाइल पाहिली तर केवढी मोठी! भाकरी मात्र हिनं फुकट जाऊ दिली नाही, रात्री तीच वाढली.

नंतर ध्यानात आलं की फोन पोरांचा नव्हताच. तो बापाच्या खिशात, आणि बाप नारायणगावला मजुरीला किंवा कुणाच्या ट्रॅक्टरवर. फोन घरी यायचा दिवेलागणीला, त्यातही अर्धं चार्जिंग. मी सकाळी अकराला 'शुभ सकाळ, आजचा अभ्यास' टाकत होतो. तो वाचत कोण होतं? टोमॅटोच्या क्रेटवर बसलेला बाप!

मग व्हिडिओ सोडले. रात्री साडेसातनंतर एकच काम द्यायचो: पुस्तकातला एक परिच्छेद वाचा आणि आवाज पाठवा. व्हॉइस मेसेज जेमतेम रेंजमध्येही जातो. पहिल्या आठवड्यात पाच-सहा आले. त्यातला एक अजून माझ्या फोनमध्ये आहे.

चौथीतली पोर. नाव सांगत नाही. वर्गात तीन वर्षांत तिचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. मेसेज 47 सेकंदांचा. सुरुवातीला कोंबडी, मग भांडं पडल्याचा आवाज, मग ही वाचते आहे, हळू पण स्वच्छ. 'प्रश्न' या शब्दाशी अडकली. "पर... परश... प..." मागून आजी म्हणते, "ऱ्हाऊ दे ते, म्होरलं वाच, मंग बघू." आजीला अक्षरओळख नाही, मला माहीत आहे. पोर पुढे गेली, परिच्छेद संपवला आणि शेवटी घाईनं म्हणाली, "झालं सर."

वर्गात असती तर 'पर' ऐकताक्षणी मी मध्येच 'प्रश्न' म्हणून मोकळा झालो असतो आणि ती गप्प बसली असती. तीन वर्षं तेच केलं असणार मी. इथं मला मध्ये तोंड घालताच आलं नाही! दोनदा ऐकलं. तिला वाचता येतं, फक्त जोडाक्षराशी थोडा वेळ लागतो, हे मला घरी खाटेवर बसून कळलं. उत्तरात फक्त म्हणालो, "छान वाचलंस, आजीला नमस्कार सांग." दुसऱ्या दिवशी न सांगता तोच परिच्छेद परत आला. 'प्रश्न' एकदम खणखणीत.

तिथून मला नाद लागला. एकदा सांगितलं, घरात भाताचं कोणकोणतं बियाणं होतं ते म्हाताऱ्यांना विचारा आणि त्यांच्याच तोंडून पाठवा. काळभात, रायभोग, जिरवेल अशी नावं तर आलीच, शिवाय कुठलं कुठल्या वावरात येतं, कुठल्याचा वास शेजारच्या घरात जातो, हेही आलं. आमच्याच तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत न जाता बियाणं जपून पद्मश्रीपर्यंत पोचल्या, हा धडा मी त्या आवाजांनंतर शिकवला. आधी शिकवला असता तर नुसतं सामान्यज्ञान झालं असतं.

तुला सोलापूरकडचे शिक्षक रणजितसिंह डिसले आठवत असतील. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्या सगळ्या ग्रुपांवर दहा लाख डॉलरचीच चर्चा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटली, हेही लोकांनी फॉरवर्ड केलं. पण त्यांच्या परितेवाडीच्या शाळेत मुलींची घरची भाषा कानडी होती आणि पुस्तक त्या भाषेत कसं पोचवायचं, यावर त्यांनी आधी मेहनत घेतली, ते किती जणांनी वाचलं? आपण त्यांनी पुस्तकात घातलेला क्यूआर कोड तेवढा उचलला. आता बालभारतीच्या पुस्तकांत तो छापूनच येतो, स्कॅन केला की दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं ॲप उघडतं. उघडतं म्हणजे रेंज असली तर. मी तालुक्याला गेलो की टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरून मराठी पुस्तकं पेनड्राइव्हवर भरून आणतो. माझ्यासारख्याला पेनड्राइव्हचाच आधार.

चुकाही सांगतो, नाहीतर तुला वाटेल हा शहाणा झाला. शाळा सुरू झाल्यावर चाचणीचे गुण मी यादी करून ग्रुपवर टाकले, सगळ्यांना एकदम कळतील म्हणून. एक मुलगी तीन दिवस आली नाही. घरी गेलो तर बाप एवढंच म्हणाला, "सर, पूर्वी पेपर घरी यायचा. आता गावानं वाचला." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून गुण कागदावर, घडी घालून.

आणि हे तर नवीनच. परवा सातवीच्या एकानं 'माझी आई' निबंध आणला. एकही चूक नाही. वाचतो तर 'माझी आई पहाटे उठून योगासने करते आणि ऑफिसला जाताना मला शुभेच्छा देते'. अरे, त्याची आई त्या घडीला खिडकीतून दिसत होती, गुडघाभर चिखलात भाताची आवणी करत! फोनला विचारून उतरवलं होतं. ओरडलो नाही. म्हटलं, आईला तीन गोष्टी विचार आणि तिचा आवाज माझ्या फोनवर भरून आण. फोन दिला त्याच्याकडे. आईनं आधी "काय येडा झाला का तुझा मास्तर" म्हणून घेतलं, तेही भरलं गेलं! मग सांगितलं, पहिल्यांदा आवणीला गेली तेव्हा ती सहावीत होती, रोपाच्या मुठीची मापं हातालाच कळतात, आणि शाळा सुटली ती परत भरली नाही. पोरानं त्यावरून लिहिलेला निबंध आठच ओळींचा आहे, ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. मी लाल पेन लावलं नाही.

आता तुझा फोटो. इथं आमच्याकडे एका वरच्या ग्रुपवर आदेश आला की रोज दोन फोटो, जीपीएससह, तेही 'तात्काळ'. झालं असं की पोरांना प्रयोग करायला सांगायचं, आणि बल्ब पेटला रे पेटला की "थांबा, हलू नका, इकडे बघा". एक पोरगं वायर सोडून फोटोला हसलं आणि बल्ब विझला. तो फोटो गेला वर. शेरा आला, 'छान उपक्रम'.

तुझ्या हातात आता दहा शाळा आहेत, म्हणून हात जोडून सांगतो. ग्रुप काढ, पण 'फक्त ॲडमिन' ठेवू नकोस. संध्याकाळी तासभर उघडा ठेव. आठवड्यातून एकदा प्रत्येक शाळेकडून एका पोराचं वाचन माग, पालकांना विचारून, आणि तू स्वतः ऐक. हुशारातलं नको, अडखळणारं माग. दहा आवाज ऐकायला किती वेळ लागणार? दहा मिनिटं. भेटीला जाशील तेव्हा त्या पोराला ओळखशील.

टॉवर सुरू झाला की कळवीन. उत्तर टाइप करत बसू नकोस, बोलून पाठव. मागून वहिनींचा आवाज आला तरी चालेल, त्यांचं तुझ्याविषयीचं मत ऐकायला मला आवडतं.

तुझा,
सुरेश