अलास्का निर्मनुष्य नव्हतं, आणि तो खांब एस्किमोंचा नाही

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अलास्का क्रूझवरचा लेख वाचला. फोटो झकास होते, आमच्या सौ.नी तर पान कापून ठेवलंय. पण दोन गोष्टी इतक्या खटकल्या की शेवटी मोबाईलवर टाइप करायला बसलोच, चुकाबिका असतील तर सांभाळून घ्या. एक म्हणजे लेखकाने त्या सगळ्या पट्ट्याला निर्मनुष्य, कुणाच्याच मालकीचा नसलेला निसर्ग म्हणून टाकलंय. आणि दुसरं, तिथल्या केचिकन गावाजवळच्या लाकडी खांबाच्या फोटोखाली छापलंय की हा एस्किमो लोकांचा देव.

मी भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होतो, एकतीस वर्षं साखळ्या ओढल्या, बांधावरची भांडणं ऐकली, त्यामुळे ही जमीन कुणाचीच नाही असं कुणी म्हटलं की माझे कान टवकारतात. कुणाचीच नाही अशी जमीन मला नोकरीत एकदाही सापडली नाही. दोन वर्षांपूर्वी मुलाने सिएटलहून आम्हा दोघांना ह्याच क्रूझवर नेलं होतं, तेव्हापासून ह्या विषयाचं वेडच लागलंय म्हणा.

आधी एस्किमोंचं निस्तरू. ज्यांना आपण शाळेच्या पुस्तकात एस्किमो म्हणून वाचलं ते इनुपियाक लोक पार उत्तरेच्या टोकाला, अलास्काची राजधानी जुनो, तिथून दीड हजार किलोमीटरच्या वर. क्रूझ जाते तो भाग म्हणजे कॅनडाच्या कडेने खाली लोंबणारा बेटांचा आणि खाड्यांचा पट्टा. तिथे इग्लू नाही, बर्फाचं वाळवंट नाही, केचिकनला वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, डोंगर पार पाण्यापर्यंत झाडांनी भरलेले. आणि हा भाग ट्लिंगिट लोकांचा. बोलताना क्लिंकिट असं ऐकू येतं, ते स्वतःला लिंगीट म्हणतात, अर्थ साधा, माणसं. उत्तरेला याकुटातच्या पलीकडून ते खाली कॅनडाच्या हद्दीपर्यंतचा किनारा त्यांचा, फक्त प्रिन्स ऑफ वेल्स बेटाच्या दक्षिण भागात हैडा लोक येऊन बसलेले, आणि मेटलाकाटला हे त्सिमशियनांचं गाव १८८७ सालचं.

आता माझ्या आवडीचा भाग. ट्लिंगिट म्हणजे एक राजा आणि एक राज्य असं कधीच नव्हतं. त्यांचा मुलूख क्वानांमध्ये वाटलेला. क्वान म्हणजे अमुक ठिकाणी राहणारे, आपण गावशिवार म्हणतो तसं समजा, पण त्यात खाड्या, नद्या, बेटं सगळं आलं. मोजणारे साधारण १६ ते २० क्वान धरतात, कारण काही नंतर एकमेकांत मिसळले. नावातच पत्ता असतो. सिटकावाले शीट्का क्वान, म्हणजे शी नावाच्या बेटाच्या बाहेरच्या, समुद्राकडच्या अंगाला राहणारे. अँगूनवाल्यांचं नाव अस्वलाच्या किल्ल्यावरून. जुनोच्या बाजूला ऑक क्वान, छोट्या तळ्याचे लोक, आणि शेजारी टाकू नदीचे. १८८० मध्ये ऑक लोकांचा कोवी नावाचा पुढारी दोन गोऱ्यांना सोन्याच्या ओढ्यापर्यंत घेऊन गेला, आणि आज राजधानीला नाव कुणाचं, तर त्यातल्या एका गोऱ्याचं, ज्यो जुनोचं. असो.

पण क्वान हा मालक नाही, इथे बरेच जण गोंधळतात. मालक असतं ते कूळ. सगळा समाज दोन बाजूंत, एक कावळा आणि दुसरी गरुड (काही ठिकाणी लांडगा म्हणतात), लग्न कायम समोरच्या बाजूशी, आणि मूल आईच्या कुळाचं. आपल्याकडे एक देवक असलं तर सोयरीक होत नाही, तसंच काहीसं, फक्त इथे सगळं आईकडून. एकच कूळ चार क्वानांत पसरलेलं असू शकतं, कागवानतान बघा, सिटकातही आहेत, क्लुकवानलाही. अमुक खाडीतला सामन मासा, तमुक उतारावरच्या रानबेरी, हे ठराविक कुळाचं, दुसऱ्याने आधी विचारायचं. आणि ह्याचा सातबारा कुठे? तर कुळाच्या गाण्यात, नावांत, चिन्हांत. माणूस गेल्यावर पुढे मोठा समारंभ करतात, समोरच्या बाजूला बोलावतात, सगळ्यांसमोर कुळाची नावं, गाणी, हक्क सांगतात, आणि पाहुण्यांनी भेटवस्तू घेतल्या म्हणजे ऐकलं आणि मान्य केलं. म्हणजे पंचांची सहीच झाली की! आमच्या कितीतरी पंचनाम्यांपेक्षा हे पक्कं, कारण साक्षीदार भावकीतला नाही, समोरचा.

खरेदीखताचंसुद्धा उदाहरण आहे. याकुटातचं क्वाश्क क्वान नावाचं कूळ (नावात क्वान असलं तरी हे कूळच) मुळात कॉपर नदीकडचं, ते हिमनदीच्या बर्फावरून चालत आलं, सेंट इलायस शिखराकडे बघत बघत, आणि इथे आल्यावर सामनची नदी आणि आजूबाजूची जमीन आधीच्या मालकांकडून तांबं देऊन विकत घेतली. ते ५,४८९ मीटरचं शिखर आजही त्यांच्या कुळाचं चिन्ह. उताऱ्यावर चतुःसीमा लिहितात, ह्यांनी डोंगरच लिहून ठेवला.

एका नकाशाबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. क्लुकवान हे चिल्काट क्वानाचं मुख्य गाव, आतल्या डोंगरातून येणाऱ्या फरच्या व्यापाराच्या वाटा ह्यांच्या ताब्यात, समुद्राकडून माशाचं तेल वर जायचं आणि वरून कातडी खाली यायची. फरचा व्यापार करणाऱ्या ब्रिटिश हडसन्स बे कंपनीने युकॉन नदीवर फोर्ट सेलकर्क काढून मध्येच दुकान थाटलं तर १८५२ मध्ये चिल्काटांनी शेकडो किलोमीटर चालत जाऊन ते ठाणं लुटलं. पुढे १८६९ च्या ऑगस्टमध्ये जॉर्ज डेव्हिडसन नावाचा अमेरिकन सर्व्हेवाला खग्रास सूर्यग्रहण बघायला क्लुकवानला आला, आणि तिथला प्रमुख कोहक्लक्स आणि त्याच्या दोन बायकांनी मिळून त्याला त्या सगळ्या वाटेचा नकाशा काढून दिला. कागदाच्या मोठ्या तावाच्या पाठकोऱ्या बाजूवर, जमिनीवर पालथं पडून, दोन-तीन दिवस. आयुष्यात पेन्सिल हातात धरलेली नव्हती! नद्या, तळी, खिंडी, सगळं. मी साखळी, टेबल, थिओडोलाइट सगळं घेऊन एका शिवाराचा नकाशा जुळवताना घाम गाळलाय, ह्यांनी डोक्यातून काढला. त्याच्या दोनच वर्षं आधी रशियाने हाच सगळा मुलूख अमेरिकेला ७२ लाख डॉलरला विकला होता, १८ ऑक्टोबर १८६७ ला सिटकात झेंडे बदलले, आणि ज्यांच्या जमिनीवर उभं राहून झेंडे बदलले त्यांना कुणी विचारलं नाही. रशियनांकडे किल्ले होते, वखारी होत्या, अख्खा मुलूख त्यांचा कधी नव्हताच, म्हणजे विकणाऱ्याचंच टायटल क्लिअर नाही.

मग कॅनडाची हद्द. १९०३ मध्ये लवादाने अलास्काची सीमा ठरवली आणि टाकू नदीने वर गेलेले ट्लिंगिट पलीकडे राहिले, ॲटलिन ब्रिटिश कोलंबियात आणि टेसलिन युकॉनमध्ये. टेसलिनवाल्यांचं मात्र मला कौतुक वाटतं, १९९३ मध्ये सह्या होऊन १९९५ पासून त्यांचा स्वशासनाचा करार लागू झाला आणि कारभार चालतो तो पाच कुळांच्या हिशोबाने.

अलास्कातल्यांचं एवढं सुरळीत नाही झालं. १९०० नंतर लगेच बहुतेक सगळा पट्टा सरकारी जंगल म्हणून जाहीर झाला, आजचं टोंगास नॅशनल फॉरेस्ट. १९१२ मध्ये अलास्का नेटिव्ह ब्रदरहुड संघटना निघाली, पुढे १९३५ च्या कायद्याने ट्लिंगिट आणि हैडा मिळून दावा लावायची परवानगी मिळाली. १९४६ मध्ये सरकारनेच गोल्डश्मिट आणि हास ह्या दोघांना गावोगाव पाठवलं, म्हाताऱ्या माणसांना विचारून कुठली खाडी कुणाची, मासे वाळवायचा कॅम्प कुणाचा, हे सगळं लिहून घेतलं, शिवारानुसार, कुळानुसार. म्हणजे मालक नाही म्हणायला सरकारला जागाच नव्हती, कागद त्यांच्याच कपाटात.

तरी १९५५ मध्ये काय झालं बघा. रँगलच्या बाजूचं टी-हिट-टन नावाचं छोटं कूळ, साठ-सत्तर माणसं, त्यांच्या जमिनीवरची झाडं सरकारने कागदाच्या लगद्याच्या कारखान्याला विकली म्हणून कोर्टात गेलं. विल्यम पॉल ह्याच कुळाचा, वकील, १९२४ मध्ये अलास्काच्या विधिमंडळात निवडून गेलेला पहिला मूळनिवासी. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तुमची फक्त वहिवाट, ती अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मालकी म्हणून कधी मान्य केली नाही, त्यामुळे भरपाई मिळणार नाही. हजारो वर्षांची वहिवाट हो! १९६८ मध्ये ट्लिंगिट-हैडांच्या त्या मोठ्या दाव्यात साधारण ७५ लाख डॉलर मंजूर झाले, म्हणजे एकशे एक वर्षांपूर्वी अख्ख्या अलास्काची जी किंमत लावली होती जवळपास तेवढेच. मग अलास्कातल्या मूळनिवाशांच्या जमीन-दाव्यांचा १९७१ चा कायदा, त्यात गावांना जमिनी मिळाल्या त्या कंपन्या काढून, लोकांना त्यांचे शेअरहोल्डर करून. त्यातूनही हेन्स, केचिकन, पीटर्सबर्ग, टेनाकी आणि रँगल ही पाच गावं वगळली गेली. रँगल पुन्हा! तिथल्या लोकांचं काय झालं असेल ते आमच्याकडे हेलपाटे घालणाऱ्या माणसांची तोंडं आठवली की कळतं.

लेखात ग्लेशियर बे ह्या खाडीबद्दल मानवी स्पर्श न झालेलं वगैरे लिहिलंय. ती हूना ह्या ट्लिंगिट लोकांची जुनी जागा आहे. साधारण १७५० च्या आसपास हिमनदी पुढे आली आणि त्यांची गावं गिळली, म्हणून ते खाडीपलीकडे हूनाला गेले. पुढे बर्फ मागे हटलं, पण १९२५ मध्ये ती जागा राखीव झाली, आणि पुढे आजीबरोबर सीगलची अंडी गोळा करायला जाणं हासुद्धा गुन्हा झाला, त्याला परवानगी देणारा कायदा यायला २०१४ उजाडलं. २०१६ मध्ये तिथल्याच बार्टलेट कोव्हला त्यांचं लाकडी कुळघर उभं राहिलं. ग्लेशियर बेचं त्यांच्या भाषेतलं नाव म्हणजे हिमनदीच्या जागी झालेली खाडी. नावातच इतिहास, आणि आपण म्हणायचं निर्मनुष्य.

आमच्या जहाजावर तिथे पार्कचे लोक चढले, त्यांच्यात एक हूना बाई होत्या, माइकवर बोलत होत्या, आणि अर्धे लोक आत बफेच्या लाइनीत. मीसुद्धा पहिली दहा मिनिटं तिथेच होतो, खोटं कशाला बोलू.

शेवटचं, तो फोटो. वर टोपीवाला माणूस, नाक आणि कान लाल रंगवलेले, तो देव नाही हो, तो विल्यम सुअर्ड, ज्याने अलास्काची खरेदी ठरवली तो अमेरिकेचा मंत्री. १८६९ मध्ये तो टोंगास क्वानाच्या गावात आला, लोकांनी मोठी मेजवानी दिली, भेटी दिल्या. त्यांच्यात घेतलेल्याची परतफेड करावीच लागते, ह्याने काहीच केलं नाही. म्हणून गावाने त्याचा खांब कोरून उभा केला, उधारी लक्षात राहावी म्हणून, आणि कंजूष म्हणून नाक-कान लाल. मूळ खांब जुना होऊन खराब झाला, केचिकनजवळच्या सॅक्समन गावात आहे ती नक्कल, आणि तीसुद्धा २०१७ मध्ये नव्याने कोरून लावली, कारण येणं अजून बाकी आहे. तेवढी फोटोखालची ओळ पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापाल का?

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, नाशिक