तोंड आले म्हणून उपचार थांबू नयेत : संशोधन निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाचे सभासद, हितचिंतक आणि ज्यांच्या घरातील कोणी ना कोणी कधीतरी आपल्या धर्मशाळेत मुक्कामाला राहिले आहे, अशा सर्वांसाठी हे पत्र आहे. गेल्या दिवाळीनंतर पाठवलेल्या पत्राला ज्यांनी उत्तर दिले त्यांना तोच विषय, म्हणजे कर्करोगाच्या उपचारांत तोंड येण्यावरच्या संशोधनासाठी निधी, पुन्हा वाचावा लागत आहे, याबद्दल क्षमस्व. ज्यांनी दिले नाही त्यांच्यासाठी या वेळी सविस्तर लिहीत आहे, कारण विषय नीट पोहोचला नाही म्हणूनच प्रतिसाद आला नाही, असे समजणे मला अधिक बरे वाटते.

मंडळाचे काम आपणांस नव्याने सांगायला नको. तरीही कृतज्ञता म्हणून काही गोष्टी लिहिल्याच पाहिजेत. भुसार पेठेतील व्यापारी मंडळींनी आपल्या गोदामामागच्या दोन खोल्या मोकळ्या करून दिल्या नसत्या, तर सोलापूर, धाराशिव, लातूर, बीडकडून येणारे कर्करोगाचे रुग्ण आजही रुग्णालयाच्या कंपाउंडभिंतीला टेकून चटईवर झोपले असते. त्या खोल्यांना पहिला रंग पेठेतल्या गणेशोत्सव मंडळाच्या मुलांनी वर्गणीतून उरलेल्या पैशांत आणि स्वतःच्या हातांनी दिला. दूधवाल्या अण्णांनी ‘हिशेब नंतर बघू’ असे म्हणून सुरू केलेला रतीब त्यांच्या पश्चात मुलांनीही चालू ठेवला आहे, आणि तो ‘नंतर’ अजून आलेला नाही. भजनी मंडळाच्या भगिनी रोज सकाळी दहा वाजता तांदळाची पेज आणि नाचणीचे आंबील घेऊन येतात. पंढरीच्या वारीचे दिवस सोडले तर त्यात खंड पडल्याचे मला आठवत नाही, आणि वारीला जातानाही त्या सुनांना नेमून जातात. निवृत्त झालेल्या आपल्या शाळेच्या बाईंनी फंडाच्या रकमेतून मोठा मिक्सर आणि पाणी गाळण्याचे यंत्र घेऊन दिले आणि त्यावर नाव घालू नका, अशी अट घातली. ती अट आम्ही पाळत आहोत, म्हणून येथेही नाव लिहिलेले नाही. पण ते कोणाला ठाऊक नाही?

आता मुख्य विषय. या मिक्सरची गरज का पडते, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला असेल? तोंडाच्या, घशाच्या कर्करोगासाठी शेक (किरणोपचार) घेणाऱ्या माणसाला दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून भाकरी खाता येत नाही, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मऊ भातही गिळवत नाही आणि पुढे पुढे स्वतःची लाळ गिळतानादेखील डोळ्यांत पाणी येते. आपण त्याला ‘तोंड आले आहे’ असे म्हणतो. हा शब्द इतका घरगुती आहे की उष्णतेने किंवा जागरणाने तोंड येते आणि चार दिवसांत जाते, तसाच हा प्रकार असावा असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात गाल, जीभ आणि घसा यांचे आतले अस्तर सोलून निघालेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी शून्य ते चार अशी श्रेणी ठरवली आहे. तिसऱ्या श्रेणीत रुग्ण फक्त पातळ पदार्थ घेऊ शकतो आणि चौथीत तोंडावाटे काहीच घेता येत नाही, म्हणजे नाकातून नळी घालावी लागते.

शेक आणि केमो (कर्करोगावरची औषधे) भरभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच, पण आपल्या लहान आतड्याचे अस्तरही तीन ते पाच दिवसांत आणि तोंडाचे साधारण एक-दोन आठवड्यांत नवे होत असते, त्यामुळे त्या घावात तेही सापडते. हे दुखणे आजचे नाही. रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि दोनच वर्षांत, १८९७ मध्ये, त्या किरणांनी पोटाला होणाऱ्या इजेबद्दल डेव्हिड वॉल्श यांचा लेख ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यानंतर शंभर वर्षे बहुतेकांची समजूत अशी होती की वरच्या पेशी मरतात आणि खालून नव्या येत नाहीत, एवढाच हा मामला आहे. बोस्टनचे स्टीफन सोनिस यांनी २००४ मध्ये पाच टप्प्यांची मांडणी करून दाखवले की इजेची सुरुवात वरवर नव्हे तर अस्तराच्या खालच्या थरात, पहिल्या दिवसापासून, तोंड अगदी स्वच्छ दिसत असतानाच होते. तेथून दाहाचे संदेश एकमेकांना वाढवत जातात, मग व्रण पडतात, त्यांत जिवाणू शिरतात आणि शेवटी, उपचार संपल्यावर दोन ते चार आठवड्यांनी, तोंड भरून येते. याचा अर्थ असा की व्रण दिसल्यावर औषध शोधणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे आहे. काळजी पहिल्या शेकाच्या आधीच सुरू व्हायला हवी.

आतड्याचे दुखणे तर डोळ्यांना दिसतही नाही आणि त्याबद्दल बोलायला माणसे लाजतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर शेक घेणाऱ्या आपल्याकडच्या भगिनी दिवसातून सात-आठ वेळा जुलाब होऊनही डॉक्टरांना सांगत नाहीत. परतीच्या एसटीत अडचण होईल म्हणून त्या सकाळपासून काही खात नाहीत. हे भजनी मंडळाच्या भगिनींनी आम्हांला सांगितले तेव्हा कुठे कळले. केमोच्या काही औषधांनीही असेच होते. इरिनोटेकान या औषधाचे उदाहरण मोठे विलक्षण आहे. यकृत ते निष्प्रभ करून पित्तावाटे आतड्यात सोडून देते आणि आतड्यातले जिवाणू आपल्या विकराने (एन्झाइमने) त्याला पुन्हा जागे करतात. मग ते अस्तर जाळू लागते.

हे सारे सोसून माणूस बरा होतो, मग त्यासाठी निधी कशाला, असे एका सद्गृहस्थांनी मला विचारले होते. त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, ते आता देतो. तोंडाच्या वेदनेमुळे आणि वजन घटल्यामुळे रुग्ण मध्येच शेक सोडून गावी जातो, आठवडा-दहा दिवसांनी परत येतो, आणि त्या काळात कर्करोगाच्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढीला लागलेल्या असतात. डोक्या-मानेच्या कर्करोगात शेकाचे सहा-सात आठवडे लांबले, तर वाढलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग काबूत राहण्याची शक्यता साधारण एक टक्का किंवा थोडी अधिक घटते, हे अनेक देशांतील नोंदींवरून दिसून आले आहे. म्हणजे तोंड येणे ही सोसायची गोष्ट राहिलेली नसून ती रुग्णाच्या जीवावर येऊ शकते.

उपाय नाहीत असेही नाही. मंद लेझरचा प्रकाश तोंडात दिल्याने व्रण कमी पडतात. बुडापेस्टचे एन्द्रे मेस्टर यांना १९६७ च्या सुमारास उंदरांवर प्रयोग करताना भादरलेल्या जागी केस लवकर उगवलेले दिसले, तेथून या विद्येचा उगम झाला. आपल्या देशात मणिपाल विद्यापीठातील संशोधकांनी शेक आणि केमो एकत्र घेणाऱ्या दोनशेहून अधिक रुग्णांवर चाचणी केली आणि २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीव्र व्रणांचे प्रमाण त्यात स्पष्टपणे घटलेले आढळले. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत या लेझरची, बेंझिडामिन या दाहशामक औषधाच्या गुळण्यांची आणि फ्लुओरोयुरॅसिल हे केमोचे औषध शिरेतून एकदम देताना अर्धा तास तोंडात बर्फ धरण्याची शिफारस आहे. बर्फाने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तेथे कमी पोहोचते, इतकी साधी युक्ती आहे! आतड्याच्या बाबतीत आपल्या मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने जगाला धडा घालून दिला आहे. डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवर केलेल्या चाचणीत, रोज प्रतिमा पाहून नेमका शेक दिल्यास आतड्याचा मागाहून उद्भवणारा त्रास तीन वर्षांत ४२ टक्क्यांऐवजी २१ टक्के रुग्णांना झाला, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात झालेले हे काम आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे.

मग आपण काय करणार? जे सिद्ध झाले आहे ते पुन्हा सिद्ध करायचे नाही. आपल्या रुग्णालयाचा शेक विभाग, दंतविभाग आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून दोन वर्षांचा अभ्यास आखला आहे, त्याला नैतिकता समितीची मान्यता मिळाली आहे आणि रुग्ण घेण्यापूर्वी त्याची नोंदणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये होईल. पहिला प्रश्न असा की लेझर आठवड्यातून पाच दिवस देण्याऐवजी तीन दिवस दिला तर पुरतो का. हा प्रश्न मोठ्या शहरात कोणी विचारणार नाही, पण जेथे एक यंत्र, एक खोली आणि बाहेर रांग आहे तेथे त्याच्या उत्तरावर दीडपटीहून अधिक रुग्णांची सोय अवलंबून आहे. दुसरा प्रश्न खाण्याचा. परदेशी पुस्तकांतील आहारतक्त्यांत सूप आणि पुडिंग असते. आमच्या रुग्णाच्या घरी ज्वारी, डाळ आणि दूध असते. दुधात कुस्करलेली भाकरी, मेतकूट-भात, आंबील, पेज यांपैकी कशावर कोणाचे वजन टिकते आणि ओटीपोटाचा शेक चालू असताना काय खाल्ल्याने जुलाब वाढतात, याची रोजची नोंद घरच्या माणसांकडून ठेवून घेतली जाईल. मिश्रीचीही (दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूची) नोंद होईल. शेक चालू असतानाही कित्येक भगिनी ती सोडत नाहीत, आणि रागावून विचारले तर खरे सांगत नाहीत, म्हणून हे काम डॉक्टरांऐवजी पेज वाढणाऱ्या भगिनींकडे दिले आहे.

येथे थोडे मनातले लिहितो. रुग्णवाहिकेसाठी आपण आवाहन केले तेव्हा पंधरवड्यात रक्कम उभी राहिली. देणगीदारांची नावे तिच्या दोन्ही दारांवर मावली नाहीत म्हणून मागच्या बाजूलाही रंगवावी लागली, याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु संशोधनाला दार नसते. गेल्या वर्षीच्या माहितीसभेला आम्ही साठ खुर्च्या मांडल्या आणि पंधरा भरल्या. त्यांतील सहा कार्यकारिणीच्या होत्या. ‘संशोधन हे मुंबईवाल्यांचे काम’ असे शब्दही ऐकावे लागले. ज्यांनी ते उच्चारले त्यांच्याच वहिनी त्या वेळी आपल्या धर्मशाळेत नळीने दूध घेत होत्या. कोणाला दुखवण्यासाठी हे लिहिलेले नाही, पण न लिहिता राहवलेही नाही. याउलट हमाल पंचायतीच्या बांधवांनी एका दिवसाची मजुरी न मागता आणून दिली, आणि धर्मशाळेत राहून बरे झालेले एक शेतकरी दर सुगीला ज्वारीचे एक पोते पाठवून त्यासोबत ‘यंत्रासाठी’ असे लिहिलेले पाकीट ठेवतात. त्यांचा आवाज अजून घोगरा आहे, पण ते आता भाकरी खातात.

एकूण गरज ११ लाख रुपयांची आहे : लेझर यंत्र व संरक्षक चष्मे, एका परिचारिकेचे दोन वर्षांचे मानधन, नोंदवह्या, वजनकाटे आणि तपासणीसाठी येणाऱ्या रुग्णांचे एसटीभाडे. पैकी ३ लाख ४० हजार जमा आहेत. यंत्राची मागणी नोंदवण्यासाठी निम्मी रक्कम लागते, म्हणून देणगी अक्षय्य तृतीयेपूर्वी मिळावी ही विनंती. धनादेश मंडळाच्या नावे काढावा व मागे ‘संशोधन निधी’ असे लिहावे. खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मलपृष्ठावर आणि धर्मशाळेच्या फलकावर आहे. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर करसवलत मिळत नाही. सवलतीच्या पावतीसाठी पॅन क्रमांक द्यावा. मंडळाची परकीय निधीची नोंदणी नाही, त्यामुळे परदेशस्थ आप्तांपैकी ज्यांचे नागरिकत्व अजून भारतीय आहे त्यांनीच, आणि तेही बँकेमार्फत, रक्कम पाठवावी. इतरांनी कृपया पाठवू नये, परत करण्यात फार वेळ जातो. हिशेब दर तिमाहीस फलकावर लावला जाईल. धान्य, दूध, जुने वजनकाटे (चालू स्थितीतील) स्वीकारले जातील. कार्यालय सकाळी १० ते १, गुरुवारी बंद.

कार्यकारिणीच्या वतीने,
आपला नम्र,
सचिव

ता. क. : केमो विभागासाठी बर्फाची पेटी आणि रोजचा बर्फ देण्याचे स्टँडसमोरच्या रसवंतीवाल्यांनी मान्य केले आहे. उन्हाळ्याचे तीन महिने मात्र त्यांना स्वतःलाच बर्फ पुरत नाही. तेवढ्या काळासाठी दुसरे कोणी पुढे यावे.