हिरवाईचा नकाशा म्हणजे जैवविविधतेचा नकाशा नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उपग्रहांद्वारे जंगलांतील जैवविविधतेचा अभ्यास कसा होतो, यावरील लेख आपल्या पुरवणीत वाचला. लेख माहितीपूर्ण आहे. परंतु त्यासोबतच्या नकाशात जगभरची जंगले हिरव्या रंगाच्या एकाच पट्टीने मोजलेली पाहून हे पत्र लिहीत आहे.

पहिला लँडसॅट उपग्रह 1972 मध्ये सोडला गेला, 2008 पासून त्या मालिकेची छायाचित्रे सर्वांना विनामूल्य मिळू लागली आणि आता सेंटिनेल-2 ही उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी 10 मीटरपर्यंतचा तपशील टिपते. या सोयीचे मोल मोठे आहे. तरीही उपग्रह झाडांच्या प्रजाती मोजत नाही, परावर्तित प्रकाश मोजतो. पानांतील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, तर पानांची अंतर्रचना निकट-अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंतील फरकावर एनडीव्हीआय हा हिरवाईचा सर्वपरिचित निर्देशांक बेतलेला आहे. दाट सदाहरित जंगलात पानांचे तीन-चार थर झाले की तो वाढायचा जवळपास थांबतो, त्यामुळे शेकडो प्रजातींचे अरण्य आणि एकाच जातीची दाट लागवड यांना तो सारखेच गुण देऊ शकतो.

हवामानपट्टा बदलला की अडचणींचे स्वरूपही बदलते. पनामातील बारो कोलोराडो बेटावरील 50 हेक्टरच्या भूखंडात झाडाझुडपांच्या सुमारे 300 प्रजाती आहेत, तर तमिळनाडूतील मुदुमलाईच्या तेवढ्याच भूखंडात सुमारे 70. दोन्ही उष्ण कटिबंधातील. पण मुदुमलाईचे जंगल शुष्क पानझडी आहे. तिथे उन्हाळ्यात छायाचित्र घेतले तर पाने नसतात आणि पावसाळ्यात पाने असतात तेव्हा वर ढग असतात. ‘जिथे वर्णपटात (म्हणजे परावर्तित प्रकाशाच्या छटांत) विविधता जास्त, तिथे प्रजाती जास्त’ हे सूत्र अशा विरळ जंगलात तर चक्क फसवू शकते, कारण उघडी माती, वाळलेले गवत आणि सावल्या यांचीही भर त्या विविधतेत पडते आणि ओरबाडलेले रान कागदावर समृद्ध दिसू लागते.

याउलट समशीतोष्ण पानझडी जंगलांत ऋतू अभ्यासकाच्या मदतीला येतो. प्रत्येक जातीची पालवी फुटण्याची आणि पाने रंगण्याची वेळ थोडी वेगळी असल्याने वर्षभरातील छायाचित्रे ओळीने लावली की त्या जाती बऱ्याच प्रमाणात वेगळ्या काढता येतात. उत्तरेकडच्या सूचिपर्णी पट्ट्यात पुन्हा निराळेच प्रश्न आहेत. सूर्य क्षितिजालगत असल्याने सावल्या लांब पडतात, बर्फ साचतो आणि हिवाळ्यात सुया गाळणारा लार्च वृक्ष वरून मेल्यासारखा भासू शकतो. शिवाय तेथील विविधतेचा मोठा भाग शेवाळे, दगडफूल, बुरशी आणि कुजणाऱ्या ओंडक्यांच्या आश्रयाने असतो, आणि तो झाडांच्या छत्राखाली दडलेला राहतो.

नव्या उपकरणांनी काही उणिवा भरून निघत आहेत. 2025 मध्ये सोडलेले निसार आणि बायोमास हे उपग्रह रडारच्या साहाय्याने ढगांपलीकडचे पाहतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील गेडी हे लायडर (लेझर किरणांनी अंतर मोजणारे) उपकरण झाडांची उंची आणि छत्राची रचना मोजते. मात्र स्थानकाच्या कक्षेमुळे ते सुमारे 52 अंश अक्षांशापलीकडे पाहू शकत नाही, म्हणजे उत्तरेकडची बहुतेक सूचिपर्णी जंगले त्याच्या आवाक्याबाहेरच राहतात. आणि झाडांची उंची असो वा अशा उपकरणांतून अंदाजलेले त्यांचे वजन, त्यावरून प्रजाती थेट कळत नाहीत. शिकारीने प्राणी संपवलेले जंगलही वरून भरगच्चच दिसते, हे तर वेगळेच.

म्हणूनच खोडाचा घेर मोजणारे आणि पान हाती घेऊन जात ओळखणारे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रत्येक हवामानपट्ट्यात हवेत. नव्या उपग्रहाच्या बातमीला मिळते ती जागा त्यांच्या कामाला क्वचितच मिळते, आणि निधीचेही बहुधा तसेच होत असावे. एका पट्ट्यात पडताळलेले सूत्र दुसऱ्या पट्ट्यात वापरायचे, तर तिथल्या भूखंडांवर ते पुन्हा तपासलेच पाहिजे.

आपल्याला विनंती अशी, की यापुढे असा नकाशा छापताना तो जमिनीवरील किती भूखंडांशी ताडून पाहिला, ते भूखंड कोणत्या हवामानातील होते आणि छायाचित्रे कोणत्या महिन्यातील आहेत, एवढी माहिती नकाशाखाली द्यावी.

आपला नम्र,
एक वाचक